एलएलबीचा प्रवेश: लॉ सीईटीच्या फॉर्मपासून कॉलेजात नाव लागेपर्यंत

जुलै उजाडला की एक फोन ठरलेला असतो. "दादा, सीईटीला मार्क चांगले आहेत, पण मेरिट लिस्टमध्ये नावच सापडत नाही." मी एवढंच विचारतो, "कॅपचा फॉर्म भरलास का?" पलीकडे शांतता. मग हळूच, "तो जानेवारीतच भरला की."

जानेवारीत भरला तो परीक्षेचा. प्रवेशाचा, म्हणजे कॅपचा (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) फॉर्म वेगळा. त्याची फी वेगळी, त्याची मुदत वेगळी, आणि ती मुदत टळली की सीईटीचं स्कोअरकार्ड फ्रेम करून भिंतीवर लावायच्या कामाचं उरतं.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. बाररूमच्या बाकावर बसून ओळखीपाळखीच्या पोरांचे फॉर्म भरून द्यायची सवय लागली आहे. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: हातची जागा जाते ती बहुतेक वेळा परीक्षेत जात नाही, कागदात किंवा तारखेत जाते. म्हणून इथे अभ्यास कसा करावा हे फारसं नाही. कुठलं काम कशाच्या आधी करायचं, ते आहे.

एक खुलासा आधीच. हा सगळा रस्ता महाराष्ट्राच्या राज्य सीईटी कक्षाचा आहे, म्हणजे सीईटी सेलचा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठं (एनएलयू) या रस्त्यावर नाहीत. तिथे क्लॅट ही वेगळी परीक्षा लागते. ती साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला होते आणि तिचा फॉर्म दिवाळीच्या आसपास बंद होतो. म्हणजे बारावीचं वर्ष चालू असतानाच. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आयलेट वेगळी, सिम्बायोसिसची स्लॅट वेगळी. गोव्यातल्या कॉलेजांचे प्रवेशही आपल्या कॅपमधून होत नाहीत, त्यांची चौकशी तिकडेच करावी लागते. "लॉची सीईटी दिली, आता एनएलयू मिळेल का?" असं विचारणारे पालक दरवर्षी भेटतात, म्हणून हे सुरुवातीलाच.

## टप्पा १: तीन वर्षं की पाच, आणि आपण पात्र आहोत का

बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींची सीईटी वेगळी, कॅप वेगळी, लॉगिन वेगळं. संकेतस्थळावर दोन्हींची नावं खालीवर असतात आणि घाईत भलत्याच दुव्यावर फॉर्म भरला जातो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एकाने पाच वर्षांचा फॉर्म भरून फीसुद्धा भरली होती. हॉल तिकीट हातात आल्यावर कळलं.

गुणांची अट बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतून येते: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. पाच वर्षांसाठी हे बारावीचे, तीन वर्षांसाठी पदवीचे. राज्याच्या माहितीपुस्तिकेत विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गही ४२ मध्ये मोडतात. ४४.७ ला ४५ समजून पुढे जाऊ नका.

पदवीला सीजीपीए असेल तर टक्के तुमच्या विद्यापीठाच्या सूत्रानेच काढायचे. गुणपत्रिकेच्या मागे सूत्र छापलेलं असतं, नसेल तर विद्यापीठातून रूपांतराचं पत्र आणायचं. सीबीएसईच्या दहावीला ९.५ ने गुणायचे म्हणून इथेही गुणू नका.

आता खरा खड्डा. मुक्त विद्यापीठाची पदवी. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेले खूप जण एलएलबीकडे येतात. दहावी-बारावी रीतसर झाली आणि मग मुक्त विद्यापीठातून बीए किंवा बीकॉम केलं, तर अडचण नाही. पण बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवीला बसलेला उमेदवार बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. पाचव्या नियमाखालच्या स्पष्टीकरणात हे लिहिलेलं आहे. असा माणूस सीईटी देतो, पास होतो, कधी कधी जागाही मिळते, आणि कागद तपासताना अडकतो. तोवर वर्ष गेलेलं असतं.

दहावीनंतर डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षातून इंजिनिअरिंग केलेल्यांनी, ज्या विद्यापीठाच्या कॉलेजात जायचं त्याच्याकडून समकक्षतेबद्दल लेखी उत्तर आधी घ्यावं. तोंडी "चालतंय हो" वर विसंबू नका.

तपासा: दहावी, बारावी आणि पदवी, तिन्ही गुणपत्रिका ओळीने टेबलावर ठेवता येतात का? मध्ये रिकामी जागा दिसत असेल तर पुढे वाचायच्या आधी तिचा निकाल लावा.

## टप्पा २: कागद. हे डिसेंबरमध्येच

परीक्षेचा अभ्यास नंतर सुरू झाला तरी चालेल, कागदांचा नाही. अभ्यास तुमच्या हातात असतो. कागद मात्र तलाठी, सेतू, तहसील, प्रांत आणि समिती यांच्या हातात असतात.

नाव. सगळ्यात आधी आधार, दहावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळवा. गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं असतं आणि आईचं नाव वेगळं छापलेलं असतं. आधारवर स्वतःचं नाव पहिलं. क्रम वेगळा असला तर चालतं, स्पेलिंग वेगळं असलं की प्रश्न येतो. एका मुलीच्या दहावीवर वडिलांचं नाव "रामचंद्र" होतं आणि जातीच्या दाखल्यावर "रामचंद". एवढ्या एका अक्षरासाठी छाननीत अर्ज परत आला आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिचे वडील प्रतिज्ञापत्र करायला माझ्याकडे पळत आले. फॉर्ममध्ये नाव भरताना दहावीची गुणपत्रिका समोर ठेवा आणि आधारवर चूक असेल तर ती आधीच दुरुस्त करून घ्या. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हेही बघा.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला लग्न झालेल्या बायका पुष्कळ येतात. पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचं राजपत्र, यातलं एक तरी हाताशी हवं. जातीचा दाखला मात्र माहेरचाच लागतो, कारण जात वडिलांकडून धरली जाते. सासरच्या नावाने नवा दाखला काढायच्या भानगडीत पडू नका.

जात वैधता. दाखला असला म्हणजे झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर दाखल्याबरोबर पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्रही लागतं. त्यासाठी जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. म्हणजे आजोबांच्या, पणजोबांच्या शाळेचा दाखला, गावनमुना, जुनी खरेदीखतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं जनरल रजिस्टर उघडून, त्या पानाची मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची नक्कल घ्यायला एक अख्खा दिवस जातो. कधी दोन. सख्ख्या चुलत्याची किंवा भावाची वैधता आधीच झाली असेल तर ती जोडा, काम पुष्कळ हलकं होतं. अर्ज ऑनलाइन करून, कॉलेजचं पत्र जोडून, मूळ प्रती समितीच्या कार्यालयात दाखवाव्या लागतात.

वैधता हातात आली नसेल तर अर्ज केल्याची पोचपावती दाखवून पुढे जाता येतं, पण ती फक्त मुदतवाढ आहे. पुस्तिकेत दिलेल्या शेवटच्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात टाकला जातो. पोचपावती प्रवेशाच्या आठवड्यात काढलेली असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण वैधता त्या मुदतीत येतच नाही.

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे एनसीएल. इतर मागास, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांना हे लागतं. अनुसूचित जाती-जमातींना नाही. घोळ होतो तो तारखेत. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा, ते वर्ष ज्या ३१ मार्चला संपतं तिथपर्यंत प्रमाणपत्र वैध हवं. २०२६-२७ चा प्रवेश असेल तर ३१ मार्च २०२७. गेल्या वर्षी काढलेलं, ३१ मार्च २०२६ ला संपणारं प्रमाणपत्र जूनमध्ये कुणाच्या कामाचं नाही. एप्रिल लागला की उत्पन्नाचा दाखला काढायचा आणि लगेच प्रांत कार्यालयाकडे अर्ज टाकायचा. जूनमध्ये सेतूबाहेरची रांग रस्त्यापर्यंत जाते.

ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र. याचे दोन नमुने आहेत, एक केंद्राचा आणि एक राज्याचा. कॅपला राज्याचा हवा. भावाने रेल्वे भरतीसाठी काढलेला नमुना बघून तसाच काढून आणलेले कित्येक जण मी पाहिलेत. ओबीसीच्या प्रमाणपत्रांचंही तसंच, केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं आणि राज्याचं वेगळं. सेतूत अर्ज करताना "राज्य शासनाच्या शैक्षणिक प्रवेशासाठी" असं स्पष्ट सांगा.

बाकी. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, ज्याला सगळे डोमिसाईल म्हणतात. शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका. तीन वर्षांसाठी पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, फक्त शेवटची नाही. शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. दिव्यांग किंवा माजी सैनिकांसाठीच्या जागा घ्यायच्या असतील तर ठरलेल्या नमुन्यातली प्रमाणपत्रं.

एलसी एकदाच मिळते. मूळ एलसी एखाद्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जमा करून बसला असाल तर ती सोडवायलाच आठवडा जातो. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांनी स्थलांतर प्रमाणपत्राचाही अर्ज आताच टाकावा.

तपासा: सगळे कागद मोबाइलवर फोटो न काढता स्कॅनरवर स्कॅन करा. उलटे आणि अंधारे फोटो हे अर्ज परत यायचं अगदी साधं कारण आहे. प्रत्येक फाइलला नीट नाव द्या. "नवीन फाइल ३" नको, "वैधता" किंवा "एनसीएल २०२७" असं लिहा.

## टप्पा ३: परीक्षेचा फॉर्म

साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होतो. इथे तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

ईमेल आणि मोबाइल स्वतःचा द्या. नेट कॅफेवाल्याने आपला नंबर टाकून फॉर्म भरला, तर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. जुलैमध्ये त्याचं दुकान बंद असतं किंवा त्याने सिमच बदललेलं असतं. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, त्याच्या संगणकावर नाही.

प्रवर्ग विचार करून टाका. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर परीक्षेच्या फॉर्मपासून तोच प्रवर्ग ठेवा. "आता ओपन टाकू, नंतर बघू" असं करून ठेवलेलं पुढे निस्तरायला त्रास होतो.

फोटो आणि सही ठरलेल्या आकारात आणि अलीकडची हवी. परीक्षा केंद्रावर चेहरा जुळवतात.

सावधान: फी बँकेतून कापली गेली म्हणजे फॉर्म पूर्ण झाला असं नाही. लॉगिनमध्ये फॉर्म पूर्ण झाल्याची नोंद दिसली आणि पीडीएफ डाउनलोड झाली, तेव्हाच उठा.

## टप्पा ४: परीक्षा, थोडक्यात

संगणकावर, दोन तास, १२० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडून उठू नका. क्लॅटची तयारी केलेली मुलं इथे सवयीने प्रश्न सोडून देतात, कारण तिथे पाव गुण कापतात. इथे ती सवय नुकसान करते. प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असते, पण इंग्रजीचा विभाग अर्थातच इंग्रजीतच.

तीन वर्षांच्या परीक्षेत १२० पैकी ४० गुण इंग्रजीचे, ३२ सामान्यज्ञान आणि चालू घडामोडींचे, विधी अभिरुची आणि तर्क प्रत्येकी २४. म्हणजे तिसरा हिस्सा एकट्या इंग्रजीचा, आणि नोकरी करून परीक्षा देणारे नेमकं तेच मागे ठेवतात. पाच वर्षांना विधी अभिरुची ३२, तर्क ३२, सामान्यज्ञान २४, इंग्रजी २४ आणि गणित ८. आठ गुणांच्या गणितासाठी महिनाभर घालवणारी मुलं आहेत. अर्थात दरवर्षीची माहितीपुस्तिका उघडून आकडे ताडून घ्या, नमुना आधीही बदललेला आहे.

## टप्पा ५: कॅपची नोंदणी आणि छाननी

निकाल लागल्यावर पाच आणि तीन वर्षांच्या कॅपची वेळापत्रकं वेगवेगळी लागतात आणि पुढे ढकललीही जातात. सीईटी सेलचं संकेतस्थळ रोज एकदा उघडायचं, सकाळी चहाबरोबर. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरणारं वेळापत्रक गेल्या वर्षीचंही असू शकतं.

कॅपमध्ये पुन्हा नोंदणी, पुन्हा फी, सगळे कागद अपलोड. मग त्यांची छाननी होते. काही कमी असेल तर अर्ज त्रुटी दाखवून परत येतो. इथे लोक दुसऱ्यांदा चुकतात. फॉर्म भरला, फी भरली, निवांत झाले. अर्ज परत आल्याचा मेसेज प्रचाराच्या मेसेजच्या गर्दीत गेला आणि दुरुस्तीची मुदत संपली. म्हणून नोंदणी केल्यापासून छाननी पूर्ण झाल्याचं दिसेपर्यंत रोज लॉगिन करा. मेसेजची वाट बघू नका.

पदवीचा शेवटच्या सत्राचा निकाल लागलेला नसेल तर घाबरायचं कारण नाही. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सीईटी देता येते, पण प्रवेशाच्या मुदतीत निकाल आणि गुणपत्रिका हवीच. विद्यापीठाचा निकाल लांबला तर कॉलेजकडून निकालाबद्दलचं पत्र घेऊन ठेवा आणि त्या वर्षीच्या सूचनेत काय सवलत दिली आहे ते बघा.

सावधान: उमेदवारीचा प्रकार निवडताना पुस्तिकेतलं त्याचं कोष्टक आधी वाचा. महाराष्ट्रातला की महाराष्ट्राबाहेरचा, आणि त्यासाठी कुठला पुरावा, हे तिथे ओळीओळीने दिलेलं असतं. पुण्यात वाढलेल्या पण बारावी राजस्थानातल्या कोचिंगजवळच्या शाळेतून केलेल्या मुलांची इथे धांदल उडते. अशांना डोमिसाईल वाचवतं.

## टप्पा ६: तात्पुरती यादी

तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, हरकतींसाठी काही दिवस मिळतात, मग अंतिम यादी. यादीत आपलं नाव दिसल्याच्या आनंदात लोक बाकीचे रकाने बघतच नाहीत. प्रवर्ग, गुण, लिंग, उमेदवारीचा प्रकार, अल्पसंख्याक किंवा दिव्यांग असल्यास ती नोंद, प्रत्येक रकाना वाचा. अंतिम यादी लागल्यावर "माझा प्रवर्ग ओपन कसा झाला?" या प्रश्नाला फार किंमत उरत नाही. ओपन झाला कारण एनसीएल अपलोड झालं नव्हतं किंवा चुकीच्या वर्षाचं होतं, आणि हरकतीच्या त्या काही दिवसांत ते सुधारता आलं असतं.

## टप्पा ७: ऑप्शन फॉर्म. इथे बसून विचार करा

कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा हा फॉर्म. या टप्प्याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो आणि मुलं सगळ्यात कमी.

आधी हे यंत्र कसं चालतं ते समजून घ्या. संगणक गुणवत्ता क्रमांकाने एकेक उमेदवार घेतो आणि त्याची पहिली पसंती बघतो. तिथे त्याच्या प्रवर्गात जागा असेल तर देतो, नसेल तर दुसरी बघतो, मग तिसरी. वरच्या कॉलेजाला नंबर लागला नाही म्हणून खालच्या कॉलेजातला हक्क कमी होत नाही. खालच्या कॉलेजात तुम्ही त्याला पहिलं ठेवलं की पंधरावं, याने काही फरक पडत नाही, तुमचा गुणवत्ता क्रमांकच बोलतो.

म्हणून "मला मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय मिळणारच नाही, उगाच पहिलं का टाकू?" हा विचार चुकीचा आहे. हवं असेल तर पहिलं टाका. नाही मिळालं तर तुमचं काही जात नाही. उलट, मिळेल असं वाटणारं पण खरं तर नको असलेलं कॉलेज वर टाकलं, तर ते मिळतं आणि मग रडायची वेळ येते.

माझी रीत अशी. वहीचं एक पान घ्यायचं आणि तीन रकाने आखायचे: कॉलेज, वर्षाची फी, राहायचा-प्रवासाचा खर्च. साताऱ्याच्या मुलाला पुण्यात आयएलएस किंवा शंकरराव चव्हाण, कोल्हापुरात शहाजी, मुंबईत शासकीय किंवा केसी असं काय काय सुचतं. चर्चगेटच्या शासकीय महाविद्यालयाची फी कमी असते, पण मुंबईत महिनाभर राहायला काय लागतं ते लिहिल्यावर गणित बदलतं. विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली असते. तो आकडा बघा, कॉलेजच्या माहितीपत्रकातला "फक्त" लिहिलेला नाही. एकाच कॉलेजात एक अभ्यासक्रम अनुदानित आणि दुसरा विनाअनुदानित असू शकतो, म्हणून कॉलेजच्या नावावर न जाता पर्यायाचा कोड तपासा. मुंबई विद्यापीठात पाच वर्षांची पदवी बीएलएस एलएलबी या नावाने ओळखली जाते, इतरत्र बीए एलएलबी किंवा बीबीए एलएलबी असते. वकिलीच्या सनदेसाठी नावाने काही अडत नाही.

मग आईवडिलांबरोबर बसून एकच प्रश्न विचारायचा: "हे मिळालं तर खरंच जाणार का?" उत्तर नाही आलं तर ते कॉलेज यादीतून काढायचं. होय आलं तर ठेवायचं, मग ते शेवटचं का असेना. पाचच कॉलेजं टाकून थांबणाऱ्यांना पहिल्या फेरीत काहीच मिळत नाही आणि मग ते सीईटी सेलला शिव्या देतात. वीस-पंचवीस पर्याय टाका. घराजवळची, जिल्ह्याच्या ठिकाणची सगळी.

गेल्या वर्षीचे कटऑफ बघा, पण ते गुणांत आहेत की पर्सेंटाइलमध्ये ते आधी बघा. आपले गुण आणि त्यांचे पर्सेंटाइल यांची तुलना करून हताश झालेली एक मुलगी मी बघितली आहे. आणि कटऑफ कुठल्या फेरीचा आहे तेही बघा, शेवटच्या फेरीत तो खाली येतो.

सावधान: फॉर्म सेव्ह करणं आणि लॉक करणं वेगळं. लॉक केल्यावर प्रिंट काढा आणि वहीतल्या पानाशी क्रम ताडून बघा. एका मुलाने पर्याय ओढून वरखाली करताना तिसरं कॉलेज पहिलं झालं, तसंच लॉक केलं, आणि त्याला तेच मिळालं.

## टप्पा ८: जागा मिळाली. आता?

जागावाटप जाहीर झालं की हजर राहायला दिवस मोजकेच मिळतात. पहिलीच पसंती मिळाली असेल तर ती अंतिम धरली जाते. तिथे ठरलेल्या मुदतीत जाऊन प्रवेश घ्यायचा. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. दुसरी किंवा त्याखालची पसंती मिळाली, तर ती कायम करायची की चांगल्याची वाट बघायची, हे पर्याय त्या वर्षीच्या नियमांत दिलेले असतात. ते शब्द न शब्द वाचा. "पुढच्या फेरीत बघू" म्हणून काहीच न करता घरी बसणं हा त्यातला पर्याय नसतो.

पुढच्या फेरीत चांगलं कॉलेज मिळालं तर आधीची जागा आपोआप सुटते. म्हणून चांगल्याची वाट बघताना ऑप्शन फॉर्ममध्ये सध्याच्या कॉलेजपेक्षा खरोखर चांगलीच कॉलेजं ठेवा. नको असलेलं कॉलेज वर राहिलं तर हातचं घालवून तेच गळ्यात पडेल.

कॉलेजला जाताना मूळ कागद, प्रत्येकाच्या तीन साक्षांकित प्रती, जागावाटपाचं पत्र आणि फीची सोय बरोबर हवी. शनिवारी जाणार असाल तर आधी फोन करून विचारा. कॉलेजने फी घेतली, पावती दिली, एवढ्यावर निघू नका. त्यांनी तुमचा प्रवेश ऑनलाइन नोंदवला का आणि लॉगिनमध्ये तो दिसतो का, हे त्यांच्याच टेबलासमोर उभं राहून बघा. नोंद राहून गेली तर यंत्राच्या लेखी तुम्ही प्रवेश घेतलेलाच नसतो.

## टप्पा ९: फेऱ्या संपल्या तरी

कॅपच्या फेऱ्यांनंतर उरलेल्या आणि संस्था स्तरावरच्या जागा भरल्या जातात. इथे कॉलेजमध्ये वेगळा अर्ज करावा लागतो, पण कॅपमध्ये नोंदणी केलेली असणं तुमच्या फायद्याचं. "मॅनेजमेंट कोट्यात सीट करून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर एक प्रश्न विचारा: पावती कॉलेजच्या नावाची आणि पूर्ण रकमेची मिळेल का? उत्तर देताना तो विषय बदलतो. संस्था स्तरावरही प्रवेश गुणवत्तेनुसारच द्यायचे असतात आणि यादी लावायची असते. रिकाम्या जागांची माहिती रोज त्या त्या कॉलेजच्या सूचनाफलकावर बघा, फोनवर ती नीट कळत नाही.

दुसरीकडे नंबर लागला म्हणून प्रवेश रद्द करायचा असेल तर पुस्तिकेतल्या शेवटच्या तारखेच्या आत करा. कॉलेजात अर्ज देऊन थांबू नका, ऑनलाइनही रद्द करा. तारीख उलटल्यावर फी परत मिळवायला पायपीट होते.

## टप्पा १०: वर्गात बसल्यावर पहिल्या महिन्यात

महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्ती किंवा शुल्क सवलतीचा अर्ज टाका. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत कॅपमधून झालेला प्रवेश महत्त्वाचा. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तिथेही प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. संस्था स्तरावर उडी मारण्यापूर्वी मुलींच्या पालकांनी हे लक्षात घ्यावं.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बार कौन्सिलच्या नियमात प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी आहे. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानंतर नोकरी करत असाल, दुसरा नियमित अभ्यासक्रम चालू असेल किंवा गुन्हा दाखल असेल, तर ते कॉलेजला लिहून द्यावं लागतं. नोकरी लपवू नका. कार्यालयाचं ना हरकत पत्र आधीच मागून ठेवा. ते पत्र हातात यायला, माझ्या अनुभवात, जात वैधतेइतकाच वेळ लागतो.

आणि पोचपावतीवर प्रवेश घेतला असेल तर वैधतेच्या शेवटच्या तारखेचा अलार्म फोनमध्ये आजच लावा, एक महिना आधीचा.